बहुतेक अक्कलदाढ

७ सप्टेंबर

प्रिय दादा,

तुझं चित्राचं कार्ड मिळालं. एका बाजूला बंदर, दुसऱ्या बाजूला तुझा पत्ता, आणि मजकुराच्या जागी काहीच नाही. हे पत्र लिहायचं आमंत्रण आहे की नुसता पत्ता कळवणं आहे, यावर मी बराच विचार केला. आमंत्रण समजून लिहिते आहे. चुकत असेन तर पत्र परत पाठव, मी राग मानणार नाही.

कार्ड घरी आलं होतं, माझ्या नावानं. आईनं ते बाबांना न दाखवता दुसऱ्या पाकिटात घालून इकडे पाठवलं. कारण मी आता घरी नसते. तू गेलास तेव्हा मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून अपूर्णांकांशी झटापट करत होते, म्हणून तुझ्या डोळ्यांसमोर मी अजून तेवढीच असेन. तर मी शहरात आहे, दातांच्या कॉलेजात. डॉक्टर नाही होणार. डॉक्टर ज्या कवळ्या बसवतात, त्या बनवणारी होणार. दिवसभर मेणाचे दात कोरायचे, प्लास्टरचे साचे ओतायचे. माझे केस कायम पांढरे असतात आणि नखांत गुलाबी मेण. काम मला फार आवडतं.

इकडे सगळं ठीक. बाबा अजून धरणाच्या दरवाजांवरच आहेत. आई म्हणते, त्यांचे गुडघे कुरकुरतात, पण दरवाजांपेक्षा कमी.

तू बरा असशील. जहाजं रंगवतोस असं आईनं कुठूनतरी ऐकलंय. उंचावर चढताना दोर बांधतोस ना?

तुझी (याबद्दल शंका नाही) बहीण,
शंकी

दुरुस्ती : वर ‘इकडे सगळं ठीक’ असं लिहिलं आहे. ते आई-बाबांपुरतं खरं आहे. मी तोंडी परीक्षेत नापास झाले. लेखीत पहिली आले आणि तोंडीत तोंडच उघडलं नाही. परीक्षकांनी हातात सुळा दिला होता, अरे सुळा! तो कुणीही ओळखेल. मी मनात ‘वरचा डावा’ म्हटलंसुद्धा. तेवढ्यात ते म्हणाले, “बोला, पण नक्की काय ते बोला हं.” झालं. माझी दातखीळच बसली. ते थांबले, घड्याळ बघितलं, पुन्हा थांबले, आणि मग “बरं, या” म्हणाले. ऑक्टोबरात पुन्हा एकदा घेणार आहेत. तेव्हाही गप्प बसले तर कोर्समधून नाव कमी होईल आणि सामान बांधून धरणावर परत. हे घरी ठाऊक नाही. तुझं-बाबांचं बोलणं नाही म्हणून तुला सांगते आहे, असं नाही. (थोडं तसंही आहे.)

१४ सप्टेंबर

प्रिय दादा,

पत्र परत आलं नाही, म्हणून पुढे लिहिते.

आम्हाला दातांची रचना शिकवणारे सर आहेत. त्यांना दाढी नाही, पण दाढांवर इतकं प्रेम आहे की सगळे त्यांना दाढसर म्हणतात. त्यांनी मला बोलावून सांगितलं, “हात उत्तम आहे तुझा. तोंडाचं काय ते बघ. समुपदेशनाच्या खोलीत जाऊन ये.”

मला वाटलं शिक्षाच झाली. समुपदेशन! शब्दातच उपदेश आहे, आणि तोसुद्धा साधा नाही, ‘सम्’ लावलेला. म्हणजे नीट, पुरेपूर, कोपऱ्यांपर्यंत केलेला उपदेश. माझ्या खोलीतली मैत्रीण (तिला सगळे रेडिओ म्हणतात, कारण ती झोपेत तेवढी बंद असते) म्हणाली, “अगं, वेड्यांसाठी नसतं ते. मी जाऊन आलेय.”

“तू? कशाला?”

“मला गप्प बसता येत नाही म्हणून.”

“मग?”

“मग काय? तिथेही मीच बोलले. फार बरं वाटलं.”

मी तयारी केली. ग्रंथालयातून मनाविषयीची दोन पुस्तकं आणली आणि चिंतेची व्याख्या पाठ केली. कुठल्या वयापासून, काय काय होतं, झोप कशी, भूक कशी, अशी उत्तरं बसवून घेतली. पण आत जायचा धीर होईना. त्या खोलीसमोर पाण्याचा कूलर आहे. मी बाटली भरली, थोडी प्यायले, पुन्हा भरली. शेजारी एक उंच मुलगा तेच करत होता. आम्ही एकमेकांकडे बघितलं नाही. शेवटी पोटात पाणी डुचमळायला लागलं तेव्हा दार ढकललं.

आतल्या बाईंना मुलं हंबाई म्हणतात, कारण त्या फार बोलत नाहीत, नुसतं “हं” म्हणतात. पण त्या “हं”चे प्रकार आहेत दादा, दाढांइतके. खोलीत दोन खुर्च्या आहेत, समोरासमोर नाहीत, जरा तिरप्या. म्हणजे वाटलं तर त्यांच्याकडे बघायचं, नाहीतर खिडकीतल्या कुंडीकडे. मी बसायच्या आधीच विचारलं, “किती गुणांचं असतं हे?”

“कशाचं?”

“हे. आत्ता जे होणार आहे ते.”

“हं,” त्या म्हणाल्या. (हा हसू दाबल्याचा हं.) “गुण नसतात. उपदेशही नसतो. पाटीवर तो शब्द आहे खरा, पण पाटी मी रंगवलेली नाही.”

मग त्यांनी नियम सांगितला. मी जे बोलेन ते त्या खोलीतच राहील. दाढसरांना नाही, वसतिगृहाच्या बाईंना नाही, घरीही नाही. अपवाद एकच. माझ्या किंवा आणखी कुणाच्या जिवाला धोका आहे असं वाटलं, तर त्या गप्प बसणार नाहीत. पण तेही शक्यतो आधी मला सांगून. मला नियम आवडला. अपवाद सांगून ठेवलेला नियम मला नेहमीच आवडतो.

मी पाठ केलेलं सगळं म्हणून दाखवलं. त्यांनी ऐकलं आणि म्हणाल्या, “छान. आता पुस्तकातलं संपलं. तुझं सांग.”

आणि दादा, मला काही सांगताच आलं नाही. दातखीळ! तिथेसुद्धा! पण त्यांनी घड्याळ बघितलं नाही. म्हणाल्या, “गप्प बसलीस तरी चालतं. तुझी वेळ आहे.” म्हणून आम्ही दोघी कुंडीकडे बघत बसलो. कुंडीतल्या झाडाला दोन नवी पानं आली आहेत. मला कुठेतरी गप्प बसायची मुभा मिळाली, हे मला फार विचित्र वाटलं, आणि वाईट नाही वाटलं.

तुझी जन्मापासूनची विद्यार्थिनी,
शंकी

दुरुस्ती : पुस्तकं दोन नव्हती, तीन होती. तिसरं मी लाजून लपवलं.

२५ सप्टेंबर

प्रिय दादा,

मी हंबाईंकडे आता दर आठवड्याला जाते. पहिल्या भेटीनंतर दुसऱ्याच दिवशी मी पुन्हा त्यांच्या दारात उभी राहिले. म्हटलं, “काल मी ‘झोप बरी लागते’ म्हणाले होते. ते बरोबर नाही. झोप लागते, पण बरी नाही. तेवढं दुरुस्त करून घ्या.”

त्या म्हणाल्या, “इथे शुद्धिपत्र लागत नाही गं. पण आलीच आहेस तर सांग, हे असं तपासून बोलायला तुला कुणी शिकवलं?”

मग मी आपल्या घरातल्या शाळेबद्दल सांगितलं. धरणाजवळ शाळाच नाही म्हणून आई गणित, तू बाकी सगळं, आणि संध्याकाळी दरवाजांवरून घरी आल्यावर बाबा परीक्षक. आपण उत्तर दिलं की बाबा विचारायचे, “खात्री?” उत्तर बरोबर असलं तरी विचारायचे, चूक असलं तरी विचारायचे. आणि तो शब्द घरात कुणीच वापरायचा नाही. बहुतेक. आठवतं? मी एकदा “बहुतेक सात चोक अठ्ठावीस” म्हणाले तेव्हा बाबांनी पेन्सिल खाली ठेवली होती. “पाणी बहुतेक चढत नाहीये, असं मी खालच्या गावांना कळवू?”

मला वाटलं, हंबाई आता बाबांना नावं ठेवणार. मी त्यांच्या बाजूनं भांडायची तयारीही केली होती. पण त्या म्हणाल्या, “बरोबर आहे वडिलांचं. दरवाजे सांभाळणाऱ्या माणसाला बहुतेक म्हणून चालणारच नाही.” मग जरा थांबून, “पण तू दरवाजा आहेस का?”

मी विचार करून सांगितलं, “नाही.”

“खात्री?”

“खात्री,” म्हटलं, आणि आम्ही दोघी खूप हसलो.

त्याच दिवशी त्यांनी आणखी एक विचारलं. अगदी सरळ, पेलाभर पाणी मागावं तशा साध्या आवाजात. “कधी जगणंच नको असं वाटतं का?” मी घाबरले. त्या म्हणाल्या, “मी हे सगळ्यांनाच विचारते. विचारल्यानं काही बिघडत नाही. न विचारल्यानं बिघडू शकतं.” मी ‘नाही’ म्हणाले, आणि दादा, ते मात्र मी न तपासता, पटकन आणि खरं बोलले. पण वसतिगृहात परत येताना मला तूच आठवत होतास. कॉलेज अर्धं टाकून तू घरी आलास ते दिवस. दिवसभर मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडायचास. मी दारातून अपूर्णांक विचारायचे आणि तू न वळता उत्तर द्यायचास. बाबा दारात उभे राहून विचारायचे, “पुढे काय करणार? खात्रीचं काय ते सांग.” तू काहीच सांगितलं नाहीस. मग एक दिवस निघून गेलास.

तुला तेव्हा असं कुणी विचारलं होतं का? आमच्यापैकी कुणी? कॉलेजात कुणी?

उत्तर दिलंच पाहिजे असं नाही. गप्प बसलास तरी चालतं. तुझी वेळ आहे.

शंकी

८ ऑक्टोबर

प्रिय दादा,

तुझं पत्र आलं!! (दोन उद्गारचिन्हं व्याकरणात बसत नाहीत हे तूच शिकवलंस. असू देत.) मी ते रेडिओला दाखवलं नाही. तिनं विचारलं, “प्रेमपत्र आहे का?” मी म्हटलं, “हो.” विचार करता ते खोटं नाही.

तू लिहिलंयस, कुणी विचारलं नव्हतं, आणि विचारलं असतं तरी काय सांगितलं असतं ते तुला ठाऊक नाही. आकडे समोर असायचे आणि डोक्यात नुसता धूर. तू आळशी झालास असं सगळ्यांना वाटलं, म्हणून तुलाही तसंच वाटायला लागलं. मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. तू आळशी नव्हतास दादा. मी हे खात्रीनं लिहिते, कारण मी तुझी शाळा होते. आळशी मास्तर मला एका नजरेत कळला असता.

आणि आता तुला बरं वाटतं, समुद्राचा वारा लागतो, दोर बांधतोस, हे वाचून मी मेणाचे दोन दात जास्त कोरले.

आता माझं. हंबाईंनी मला गृहपाठ दिला आहे. बिनधोक्याच्या ठिकाणी रोज बहुतेक म्हणायचं. मी कँटीनपासून सुरुवात केली. तिथले काका म्हणाले, “चहा?”

“बहुतेक.”

“बहुतेक म्हणजे? ओतू का नको?”

“मला वाटतं, ओता.”

“तुला वाटतं? बाई, किटली धरून माझा हात अवघडलाय!”

मागची रांग हसायला लागली. पण कुणी पेन्सिल खाली ठेवली नाही. आता काका मला लांबूनच बघून ओरडतात, “आल्या बहुतेक बाई! आज किती टक्के चहा?”

आणखी एक शोध. हंबाई म्हणाल्या, मी बोलायच्या आधी दात घट्ट दाबून धरते. मला पत्ताच नव्हता. आता ऐक, हे आमच्या धंद्यातलं आहे. कवळी बनवताना सगळ्यांत आधी माणसाची विसाव्याची स्थिती मोजतात. निवांत बसलेल्या माणसाचे ओठ मिटलेले असतात, पण दात एकमेकांना टेकलेले नसतात. मध्ये बारीकशी फट असते. ती फट न ठेवता कवळी केली तर माणसाचा जबडा दुखून येतो, बोलताना दात खडखडतात. हे मी लेखी परीक्षेत आकृतीसकट लिहून पैकीच्या पैकी गुण मिळवले होते. आणि माझ्या स्वतःच्या तोंडात ती फट नव्हती! हंबाईंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, “हे मला माहीत नव्हतं. मी इतर मुलांना सांगू का? तुझं नाव न घेता?” मी म्हटलं, आकृतीही काढून देते. दिली.

तेव्हा आता मी वर्गात, जिन्यात, रांगेत, जिथे आठवेल तिथे ओठ मिटून दात सुटे सोडते आणि पावलं जमिनीला टेकलेली आहेत ना ते बघते. तूही करून बघ. शिडीवर नको.

तुझी सुटलेल्या दातांची,
शंकी

दुरुस्ती : सगळं इतकं सोपं चाललेलं नाही. परवा दाढसरांनी परीक्षेच्याच खोलीत माझी सराव-तोंडी घेतली. मी पुन्हा गप्प. दाढसर बिचारे स्वतःच घामाघूम झाले. मी बाहेर येऊन कूलरपाशी रडले. हंबाई दारात आल्या, मला आत घेतलं. मी विचारलं, “मी पास होईन ना?” वाटलं होतं, आता तरी धीर देतील. त्या म्हणाल्या, “बहुतेक.”

मला इतका राग आला! मग एकदम हसू आलं. कारण त्यांनी ‘नक्की’ म्हटलं असतं, तर मी विश्वासच ठेवला नसता. बहुतेकवर मात्र ठेवला.

१९ ऑक्टोबर

दादा,

उद्या परीक्षा. रेडिओनं आज आपणहून दिवसभर गप्प राहायचं ठरवलं होतं. दुपारच्या जेवणापर्यंत तिला ताप आल्यासारखं झालं, म्हणून मीच तिला मोकळं केलं.

कूलरपाशी तो उंच मुलगा पुन्हा दिसला. या वेळी मी त्याला म्हटलं, “आत कुंडी आहे. बोलायचं नसेल तर तिच्याकडे बघता येतं.” तो म्हणाला, “गुण असतात का?” मी म्हटलं, “नाही.” मग तो बाटली न भरताच आत गेला. हंबाईंना हे सांगितलं, तेव्हा त्या म्हणाल्या, “तो कूलर कोपऱ्यावर होता पूर्वी. मी मागे लागून इथे हलवून घेतला. कुणाला नुसतं दारापाशी रेंगाळायचं असेल, तर काहीतरी निमित्त नको का?”

एवढंच. दात सुटे आहेत. पावलं जमिनीवर आहेत.

शंकी

२१ ऑक्टोबर

प्रिय दादा,

सविस्तर लिहिते, मध्येच शेवट वाचू नकोस.

परीक्षक या वेळी वेगळ्या होत्या. बाहेरगावच्या, वयस्कर, चष्मा दोरीनं गळ्यात. शेजारी दाढसर, माझ्यापेक्षा जास्त घाबरलेले. आधी सुळा दिला. माझी जीभ टाळूला चिकटली. मी पावलं बघितली, दात सोडले आणि म्हटलं, “वरचा डावा.” आवाज बारीक निघाला, पण निघाला. मग पटाशीचे दात, उपदाढा, सगळं आलं. दाढसरांनी रुमाल काढून कपाळ पुसलं.

मग बाईंनी डबीतून एक दाढ काढून माझ्या तळहातावर ठेवली. खरीखुरी, जुनी, चावून चावून सपाट झालेली. “ही कोणती?”

दादा, तिच्यावर एकही खूण धड नव्हती. उंचवटे झिजलेले, खाचा पुसलेल्या. मी उलटीसुलटी केली. मला बाबांची पेन्सिल दिसायला लागली. जबडा आवळायला लागला, आणि मी तो आवळताना पकडला. मनात म्हटलं, मी दरवाजा नाही. खालच्या गावांत कुणीही बुडणार नाहीये.

“बहुतेक अक्कलदाढ,” मी म्हणाले.

“बहुतेक?”

“हो, खात्री नाही. वरची आहे, ते मुळांवरून कळतं. मुळं एकमेकांना चिकटून एकच झाली आहेत, आणि अक्कलदाढेत असं फार वेळा होतं. पण वरच्या दुसऱ्या दाढेतही होऊ शकतं. झिजल्यामुळे वरून कळत नाही. शेजारचे दात बघायला मिळाले असते तर नीट सांगता आलं असतं.”

एवढं लांब वाक्य मी आयुष्यात कुठल्याही परीक्षकासमोर बोलले नव्हते. त्यांनी दाढसरांकडे वळून बघितलं.

“बघा! मी काय म्हणत होते?”

“बहुतेक म्हणाली ती,” दाढसर फणफणले. “दुसरी दाढही असू शकते, असंही म्हणाली!”

“म्हणजे तुम्हाला वर्षानुवर्षं जे कबूल करता आलं नाही, ते या मुलीनं एका दमात केलं.”

मग कळलं की त्या दाढेवरून हे दोघं कित्येक वर्षं भांडतायत. परीक्षेला आल्या की बाई ती डबी घेऊन येतात. कुणी छातीठोकपणे अक्कलदाढ म्हणतं, कुणी छातीठोकपणे दुसरी म्हणतं, आणि उत्तर ज्याच्या बाजूचं येईल, तो दिवसभर खूश असतो. बहुतेक कुणी म्हणालंच नव्हतं.

मी पास झाले. आता वाच.

हंबाईंना सांगायला गेले तर त्या नुसतं “हं” म्हणाल्या. हा प्रकार मी आधी ऐकला नव्हता. त्यांचे डोळे भरले होते. म्हणाल्या, आता दर आठवड्याला यायची गरज नाही, वाटेल तेव्हा ये. मी विचारलं, “नक्की किती दिवसांनी?” आणि जीभ चावली.

२ नोव्हेंबर

प्रिय दादा,

काल घरी फोन केला आणि सगळं सांगितलं. नापास झाले तेही, हंबाईंचंही. बाबा बराच वेळ ऐकत होते. मग म्हणाले, “आता पुढे जमेल? खात्री?”

मी म्हटलं, “बहुतेक, बाबा.”

वाटलं, आता फोन ठेवतील. मग ते म्हणाले, “त्या बाईंनी तुला विचारलं होतं ना, काय होतंय म्हणून. नुसतं असंच, काय होतंय?”

“हो.”

“मी त्याला ‘पुढे काय’ एवढंच विचारलं.” त्यांनी तुझं नाव घेतलं नाही, पण किती दिवसांनी ‘त्याला’ म्हणाले. “तिकडे खाणंपिणं बरं आहे का त्याचं?”

मी म्हटलं, “पत्रावरून तरी बरं वाटतं.” पत्रांचं बाबांना ठाऊक नव्हतं. मग घसा खाकरून म्हणाले, “मागच्या खोलीतली अडगळ काढली मी. भिंतीला चुना दिला. बघू. बहुतेक येईल तो.”

दादा, आईच्या हातातलं झाकण पडल्याचा आवाज मला इथे ऐकू आला. ते गरगर फिरत राहिलं आणि ते थांबेपर्यंत आम्ही तिघंही ऐकत राहिलो. हसत होतो का रडत होतो, ते प्रत्येकाचं प्रत्येकाला ठाऊक.

मी सुट्टीत घरी जाणार आहे. तू कधी येतोस ते विचारायला हे पत्र. तारीख नको, खात्री नको. एका बाजूला बंदर असलेलं कार्ड पाठव, आणि मजकुराच्या जागी तो एक शब्द लिही. घरात आता चालतो.

तुझी बहीण,
शंकी

दुरुस्ती : नाही. आहे तसं असू दे.